गालांवरची लाली: ल्युपस की डर्मॅटोमायोसायटिस?

ल्युपस आणि डर्मॅटोमायोसायटिस हे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्याने होणारे आजार. पहिला त्वचेसोबत मूत्रपिंडासारखे अवयवही धरू शकतो, दुसरा त्वचेसोबत स्नायू. दोन्हींत चेहरा लाल होतो, दोन्ही उन्हाने भडकतात. त्यामुळे मी तर म्हणेन, आधी हात बघा. ल्युपसचं पुरळ बोटांवर सांध्यांच्या मधल्या जागेत उठतं. डर्मॅटोमायोसायटिस नेमके सांधेच धरतो. त्यांवर लालसर-जांभळे चपटे उंचवटे येतात, त्यांना गॉट्रॉन पॅप्युल म्हणतात. चेहऱ्यावर ल्युपस नाकपुडीपासून ओठाच्या कडेला उतरणारी घडी सहसा मोकळी सोडतो. डर्मॅटोमायोसायटिस ती सोडत नाही, शिवाय पापण्याही जांभळट करतो. (सावळ्या कातडीवर ही लाली तपकिरी दिसते, मग वांग समजून महिनोन्‌महिने क्रीम चोपडलं जातं.) ल्युपसमध्ये मूत्रपिंडासाठी लघवीची तपासणी हवीच. डर्मॅटोमायोसायटिसमध्ये जिना चढताना मांड्यांतला जोर जातो का, हे विचारावं. प्रौढांमध्ये कर्करोगाचीही तपासणी करावी लागते.