लाइनबॅकरच्या देहयष्टीचा वाद आणि प्रो फुटबॉल रेफरन्स: एका संकेतस्थळाचे परीक्षण

व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमधला लाइनबॅकर किती उंच आणि किती वजनाचा असावा, हा वाद दर वर्षी एप्रिलमध्ये एनएफएल या लीगच्या ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी कॉलेजातले खेळाडू निवडून घेण्याच्या, तोंडावर नव्याने रंगतो, आणि त्यात भाग घेणारे बहुतेक जण आठवणींवर व आपापल्या लाडक्या खेळाडूवर भिस्त ठेवून बोलतात. ज्यांना हा वाद आकड्यांच्या आधारे घालायचा आहे, त्यांच्यासाठी प्रो फुटबॉल रेफरन्स हे संकेतस्थळ सर्वांत भरवशाचे आहे, असे माझे ठाम मत आहे. मात्र तेथील आकडे जसेच्या तसे खरे धरले तर हेच संकेतस्थळ वाचकाला चुकीच्या निष्कर्षावर नेऊन सोडते. हे परीक्षण मी मुद्दाम या एकाच प्रश्नापुरते ठेवले आहे.

हा खेळ नव्याने पाहू लागलेल्यांसाठी एवढे सांगणे आवश्यक आहे की लाइनबॅकर बचावाच्या दुसऱ्या फळीत उभा असतो. त्याच्या पुढे सव्वाशे ते दीडशे किलोचे धिप्पाड गडी असतात आणि मागे नव्वद किलोच्या आसपासचे चपळ खेळाडू. त्याला पुढच्यांसारखी टक्करही द्यावी लागते आणि मागच्यांसारखे धावावेही लागते. एका डावात प्रतिस्पर्ध्याचा १४० किलोचा गार्ड अंगावर येतो, तर पुढच्याच डावात चेंडू घेऊन धावणाऱ्या वेगवान रनिंग बॅकच्या मागे मैदानाच्या कडेपर्यंत पळावे लागते. शरीरयष्टीचा प्रश्न या जागेइतका अवघड दुसऱ्या कोणत्याच जागेवर होत नाही, तो यामुळेच.

हे संकेतस्थळ डग ड्रायनन या गणिताच्या प्राध्यापकांनी २००० साली सुरू केले आणि आज ते फिलाडेल्फियाच्या स्पोर्ट्स रेफरन्स या कंपनीकडे आहे. ते जाहिरातींवर चालते आणि वाचकाला फुकट मिळते. १९३६ पासूनचे सर्व ड्राफ्ट, प्रत्येक खेळाडूचे स्वतंत्र पान, आणि २००० पासूनच्या कंबाइनचे, म्हणजे ड्राफ्टआधी इंडियानापोलिसला दर वर्षी भरणाऱ्या कॉलेज खेळाडूंच्या शारीरिक चाचणीचे, वर्षवार तक्ते येथे आहेत. कोणत्याही रकान्याच्या शीर्षकावर टिचकी मारली की तक्ता त्या क्रमाने लागतो आणि हवा असल्यास आपल्या संगणकावर उतरवूनही घेता येतो. मांडणी साधी, जुन्या वळणाची आहे, आणि मला ती तशीच आवडते, कारण आकडा आणि वाचक यांच्यामध्ये तेथे काहीही येत नाही.

उदाहरण म्हणून २०१८ चा तक्ता घ्यावा, कारण लाइनबॅकरच्या दृष्टीने ते वर्ष विलक्षण होते. वजनाच्या क्रमाने लावल्यास वरच्या टोकाला बॉयझी स्टेटचा लेटन व्हँडर एश २५६ पाउंडांवर, म्हणजे ११६ किलोंवर, आणि व्हर्जिनिया टेकचा ट्रेमेन एडमंड्स २५३ पाउंडांवर दिसतो. एडमंड्सची उंची ६ फूट साडेचार इंच भरली होती. मधल्या पट्ट्यात जॉर्जियाचा रोक्वान स्मिथ ६ फूट १ इंच आणि २३६ पाउंड, ब्रिगहॅम यंगचा फ्रेड वॉर्नर ६ फूट ३ इंच आणि तितक्याच वजनाचा, साउथ कॅरोलायना स्टेटचा डॅरियस लेनर्ड २३४ पाउंडांचा. बराच खाली शकीम ग्रिफिन, २२७ पाउंड. वयाच्या चौथ्या वर्षी डावा हात काढावा लागलेला हा खेळाडू त्या वर्षी चाळीस यार्ड ४.३८ सेकंदांत धावला.

आता त्याच वर्षाचे ड्राफ्टचे पान शेजारी उघडावे. स्मिथ आठवा, एडमंड्स सोळावा, व्हँडर एश एकोणिसावा, लेनर्ड दुसऱ्या फेरीत छत्तिसावा, वॉर्नर तिसऱ्या फेरीत सत्तरावा आणि ग्रिफिन पाचव्या फेरीत निवडला गेला. या सर्वांत फ्रेड वॉर्नर पुढे आपल्या पिढीतला सर्वश्रेष्ठ मधला लाइनबॅकर ठरला, आणि लेनर्डने पहिल्याच हंगामात १६३ टॅकल करून, म्हणजे चेंडू घेतलेल्या खेळाडूला इतक्या वेळा पाडून, बचावातल्या सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवला. दोघेही १०६-१०७ किलोंचे, दोघांचीही उंची ६ फूट २-३ इंच. सर्वांत भारदस्त दोन शरीरे या दोघांच्या आधी उचलली गेली आणि सर्वांत जास्त काम मधल्या मापाच्या शरीरांनी केले, हे दोन पाने शेजारी ठेवल्याबरोबर दिसते. एका वर्षावरून नियम काढू नये हे मान्य; पण येथील इतर वर्षे चाळतानाही माझे मत त्याच दिशेने पक्के होत गेले आहे. आजच्या खेळात चेंडूपासून मागे उभ्या राहणाऱ्या लाइनबॅकरसाठी ६ फूट ते ६ फूट ३ इंच उंची आणि २२५ ते २४० पाउंड, म्हणजे १०२ ते १०९ किलो वजन, हा माझ्या मते योग्य पट्टा आहे.

‘आजच्या’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, आणि या संकेतस्थळाचे खरे मोल येथेच कळते. डिक बटकस, शिकागो बेअर्सचा १९६५ ते १९७३ या काळातला दरारा, ६ फूट ३ इंच आणि २४५ पाउंडांचा होता. त्या काळी चेंडू घेऊन धावण्यावर खेळाचा भर होता आणि समोरून येणाऱ्याला जागीच आडवे करणे हे त्याचे मुख्य काम होते. १९७८ साली लीगने नियम बदलले. पाच यार्डांच्या पुढे पासचा झेल घेणाऱ्याला ढकलण्यास बंदी आली आणि चेंडू फेकून खेळणे सोपे झाले. तेव्हापासून लाइनबॅकरचे काम हळूहळू धक्क्याकडून धावण्याकडे सरकत गेले. हे सरकणे सरळ रेषेत झाले नाही, हेही पाने चाळताना दिसते. पिट्सबर्गचा जॅक लँबर्ट सत्तरच्या दशकातच ६ फूट ४ इंच उंचीला अवघ्या २२० पाउंडांचा, म्हणजे आजच्या मापानेही शिडशिडीत होता. उलट नव्वदच्या दशकात त्याच पिट्सबर्गने लेव्हन कर्कलंडला सव्वाशे किलोच्या आसपासचे वजन घेऊन आतल्या जागेवर खेळवले आणि तो प्रो बोल या लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी दोनदा निवडला गेला.

त्याच सुमारास टँपा बे येथे टोनी डंगी आणि मॉन्टी किफिन या प्रशिक्षकांनी नेमका उलटा मार्ग धरला. त्यांच्या पद्धतीत वजनापेक्षा पायांना किंमत होती, आणि ६ फूट उंच, २३५ पाउंडांचा डेरिक ब्रुक्स तिचा आधारस्तंभ झाला. २००२ साली तो लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरला. या पद्धतीत मधल्या लाइनबॅकरला पासच्या वेळी खोल मागे धावत जाऊन मैदानाचा मध्य राखावा लागतो, आणि तेथे उंची मोलाची ठरते. शिकागोने नंतर हीच पद्धत घेतली तेव्हा कॉलेजात सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचा बचावपटू, म्हणून खेळलेला ६ फूट ४ इंचांचा आणि २५८ पाउंडांचा ब्रायन अर्लाकर तिला चपखल बसला. एकाच पद्धतीतली ही दोन थोर माणसे, आणि त्यांच्यात चार इंचांचे अंतर.

गेल्या दशकात बहुतेक संघ अर्ध्याहून अधिक डावांत तिसऱ्या लाइनबॅकरला बाहेर बसवून पाचवा मागचा खेळाडू उतरवू लागले, तेव्हा उरलेल्या दोघांकडून वेगाची अपेक्षा आणखी वाढली. ॲरिझोनाने २०१४ साली सेफ्टी म्हणून निवडलेल्या डिओन ब्युकॅननला २११ पाउंडांवर लाइनबॅकरच्या जागी उभे केले. २०२१ साली क्लीव्हलँडने दुसऱ्या फेरीत घेतलेला जेरेमाया ओवुसु-कोरामोआ २२१ पाउंडांचा होता आणि दोन वर्षांनी तो प्रो बोलपर्यंत पोहोचला.

आता दोष. पहिला आणि मोठा दोष नावाच्या पाटीचा आहे. टी. जे. वॉट, वॉन मिलर यांच्यासारखे खेळाडू येथे बाहेरचे लाइनबॅकर म्हणून नोंदवलेले आहेत, पण त्यांचे मुख्य काम चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर तुटून पडणे हे आहे. वॉट ६ फूट ४ इंच आणि २५२ पाउंडांचा आहे, आणि त्याच्या कामाला ते शरीर योग्यच आहे. परंतु त्याला आणि वॉर्नरला एकाच रकान्यात घालून सरासरी काढली तर हाती येणारा आकडा दोघांपैकी कोणाचाच राहत नाही. ‘लाइनबॅकरचे सरासरी वजन’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या आकड्याबद्दल म्हणूनच पहिला प्रश्न हा विचारावा, की त्यात क्वार्टरबॅकवर धावून जाणारे मोजले आहेत काय. संकेतस्थळ हे वर्गीकरण आपण होऊन करून देत नाही. वाचकाला एकेक नाव तपासून ते स्वतः करावे लागते.

दुसरा दोष वजनाचा. खेळाडूच्या पानाच्या माथ्यावर एकच उंची आणि एकच वजन असते, सोबत सेंटिमीटर आणि किलोही दिलेले असतात, ही चांगली सोय आहे. पण वजन ही बदलती गोष्ट आहे. वॉर्नर कंबाइनच्या तक्त्यात २३६ पाउंडांचा आहे आणि स्वतःच्या पानावर २३०. दहा-बारा वर्षे खेळलेल्या माणसाचे बाविसाव्या वर्षीचे आणि तिसाव्या वर्षीचे शरीर एकच धरणे हे या प्रश्नाच्या अभ्यासकाला परवडणारे नाही. कंबाइनला उंची इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजतात. येथे ती पूर्ण इंचात दिसते, आणि ज्या खेळाडूचे भवितव्य अर्ध्या इंचावरून ठरते त्याच्या बाबतीत ही किरकोळ बाब नव्हे. ज्यांनी एखादी चाचणी दिली नाही त्यांचे रकाने रिकामे असतात, त्यामुळे वेगाची क्रमवारी लावली की चांगली नावे आपोआप गळतात. शिवाय २०२१ साली करोनामुळे इंडियानापोलिसला चाचण्या झाल्याच नाहीत, मोजमापे ज्याच्या त्याच्या कॉलेजात घेतली गेली, म्हणून त्या वर्षाचे आकडे इतर वर्षांशी ताडून पाहताना सावध राहावे.

कामगिरीच्या बाजूला परिस्थिती संमिश्र आहे. टॅकल हा आकडा लीग अधिकृत मानत नाही, आणि सॅक, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणे, अधिकृतपणे मोजले जाऊ लागले ते १९८२ पासून. या संकेतस्थळाने १९६० पर्यंत मागे जाऊन सॅकची अनधिकृत नोंद प्रसिद्ध केली आहे, त्यामुळे लाइनबॅकर लॉरेन्स टेलरचा १९८१ चा पहिला हंगामही मोजता येतो. हे काम खरोखर स्तुत्य आहे. २०१८ पासून हुकलेले टॅकल आणि लाइनबॅकरच्या दिशेने फेकलेल्या चेंडूंपैकी पूर्ण झालेले पास हेही येथे मिळतात. शरीराच्या मापाचा आणि कामाचा संबंध पाहायचा असेल तर माझ्या दृष्टीने हे दोन रकाने सर्वांत उपयोगी आहेत.

तरीही ज्या कारणासाठी मी हे संकेतस्थळ मनापासून सुचवतो, ते कारण म्हणजे बुटक्या खेळाडूंची पाने. १९९६ च्या ड्राफ्टचे पान पाहावे. दुसऱ्या क्रमांकावर ६ फूट ४ इंचांचा केव्हिन हार्डी आहे. सव्विसाव्या क्रमांकावर रे लुइस आहे, ६ फूट १ इंच, ज्याला तेव्हा या जागेसाठी लहान मानले गेले. त्याच्याही खूप खाली, पाचव्या फेरीत १५४ व्या क्रमांकावर, ५ फूट ११ इंचांचा झॅक थॉमस आहे. शेवटचे दोघे आज हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, आहेत. ५ फूट १० इंचांच्या लंडन फ्लेचरला तर १९९८ साली कोणीच निवडले नाही, आणि तो सोळा हंगाम एकही सामना न चुकवता, सलग २५६ सामने खेळला.

आणि सॅम मिल्स. उंची ५ फूट ९ इंच, म्हणजे १७५ सेंटिमीटर. न्यू जर्सीच्या माँटक्लेअर स्टेटसारख्या छोट्या कॉलेजातून आलेल्या या माणसाला १९८१ साली कोणी निवडले नाही. क्लीव्हलँडने आणि नंतर कॅनडातल्या टोरोंटोने त्याला सोडून दिले आणि तो शाळेत शिकवू लागला. यूएसएफएल या दुसऱ्या लीगमध्ये प्रशिक्षक जिम मोरा यांनी त्याला संधी दिली आणि १९८६ मध्ये स्वतः न्यू ऑर्लिन्सला जाताना बरोबर नेले. तेथे त्याने आणि त्याच्या तिघा जोडीदारांनी मिळून जी फळी उभी केली, ती चौघांसह १९९२ च्या हंगामात प्रो बोलसाठी निवडली गेली. त्याचे वजन १०३ किलोंच्या आसपास होते, म्हणजे कमी होते ती फक्त उंची, आणि ती त्याने वापरून घेतली. टकरीत ज्याचे खांदे खाली, त्याची सरशी होते. ६ फूट ४ इंचांच्या माणसाला वाकून जे साधावे लागते ते मिल्सला उभ्या उभ्याच साधत होते. २००५ साली तो कर्करोगाने गेला आणि हॉल ऑफ फेमने त्याला २०२२ मध्ये घेतले. हे त्याच्या हयातीत व्हायला हवे होते, असे मला तीव्रतेने वाटते. ५ फूट १० इंचांच्या मुलाला आजही जे निवडकर्ते यादीतून वगळतात, त्यांनी निदान हे एक पान वाचावे.

ज्यांना उंची, वजन आणि कामगिरी यांच्या अटी एकत्र घालून शोध घ्यायचा असेल, त्यांच्यासाठी याच कंपनीची स्टॅटहेड ही वर्गणी भरून घ्यायची सेवा आहे. केवळ कुतूहल असलेल्या वाचकाला तिची गरज नाही, फुकटचे तक्ते पुरेसे आहेत. लेखन किंवा गंभीर अभ्यास करणाऱ्याने ड्राफ्टच्या हंगामापुरती तरी ती घ्यावी, कारण हाताने नावे वेगळी करण्यात फार वेळ जातो.

संकेतस्थळाच्या चालकांकडे माझी मागणी एवढीच आहे, की खेळाडूच्या पानावर प्रत्येक हंगामापुढे त्या वर्षी संघाने जाहीर केलेले वजन छापावे आणि लाइनबॅकरांत मागे उभे राहणारे व क्वार्टरबॅकवर धावून जाणारे असे दोन भाग करावेत. हंगामवार सामने, टॅकल आणि सॅक यांचा तक्ता तेथे आधीच आहे. त्यात वजनाचा एक रकाना सहज मावेल.