व्हीएम९५ई की टू-एम रेड? ख्यालाच्या एलपी ऐकणाऱ्यांसाठी काट्रिजची निवड

आपल्या शास्त्रीय गायनाच्या एलपीची एक अडचण पाश्चात्त्य गाणी ऐकणाऱ्यांना तेवढी जाणवत नाही. त्यांच्या रेकॉर्डवर एका बाजूला पाच-सहा गाणी असतात आणि शेवटचं बहुतेक वेळा संथ असतं. आपल्याकडे बऱ्याचदा अख्ख्या बाजूवर एकच राग. विलंबित बाहेरच्या कडेला सुरू होतं आणि द्रुत बंदीश, तिच्यातल्या सगळ्या ताना लेबलाजवळ येतात. रेकॉर्डची सर्वांत कमजोर जागा नेमकी तीच. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीला बाहेरच्या कडेची खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढेच सूर निम्म्याहून कमी जागेत बसवलेले. सुईचं टोक बोथट असेल तर ती वळणं तिला नीट घेता येत नाहीत आणि तान खरखरते.

कोल्हापुरात ही गोष्ट मला जास्तच महत्त्वाची वाटते. शाहू महाराजांच्या दरबारी जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब होते. इथल्या जुन्या घरांतून रेकॉर्डींचा गठ्ठा निघाला की नाट्यगीतं-भावगीतांच्या जोडीला जयपूर घराण्याचं काहीतरी हाती लागतंच. मन्सूरांची किंवा किशोरीताईंची एलपी हाती आली आणि द्रुत सुरू होताच आवाज फाटायला लागला, तर बाकीची मिनिटं कितीही गोड वाजली असली तरी मजा जाते. त्यामुळे काट्रिज, म्हणजे सुई बसवलेला आणि तिच्या थरथरीतून विजेचा सिग्नल काढणारा भाग, निवडताना मी एकच परीक्षा ठेवली: बाजू संपेपर्यंत तान तानच राहते का?

स्वस्तातल्या बऱ्याच प्लेअरबरोबर ऑडिओ-टेक्निकाचं एटी३६००एल येतं. गोल टोकाची सुई, खाचेवर तिचा भार तीन-साडेतीन ग्रॅम. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. ओरखडे पडलेली जुनी एचएमव्ही ते सहन करतं आणि सुई स्वस्तात बदलून मिळते. पण लेबलाजवळ ते हात टेकतं. प्लेअरवर काट्रिज बदलायची आणि भार कमी-जास्त करायची सोय नसेल, तर पुढचं वाचून चुटपुट लागण्याखेरीज फारसं काही होणार नाही.

खरी निवड त्यापुढची: ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई की ऑर्टोफोन टू-एम रेड. दोन्ही मूव्हिंग मॅग्नेट (सुईबरोबर चिमुकलं चुंबक हलतं त्या प्रकारची), दोन्हींची सुई लंबगोल, बसवायलाही दोन्ही सोपी. स्क्रू थेट काट्रिजच्या अंगातच फिरतात, चिमुकले नट पकडत बसावं लागत नाही. रेडचं पहिलं ऐकणं फार प्रसन्न असतं. तबल्याची थाप पुढे येते, तानपुरा झगमगतो. एका मित्राकडे राजारामपुरीत ते ऐकलं आणि तिथेच घ्यावंसं वाटलं. मात्र एक ध्यानात ठेवा. रेडचा आउटपुट ५.५ मिलिव्होल्ट आहे, व्हीएम९५ईचा ४. म्हणजे व्हॉल्यूमचं बटण त्याच जागी असताना रेड पावणेतीन डेसिबलच्या आसपास मोठं वाजतं आणि जे मोठं ते कानाला आधी चांगलं वाटतं. दोन्ही एकाच घरी ऐकायची संधी मिळाली तर आवाज सारखा करूनच ऐका. मी तसं केलं तेव्हा दोघांतलं अंतर बरंच कमी झालं. तरी तबल्यापुरतं माप मी रेडच्याच पदरात टाकीन.

मग आला द्रुताचा भाग. बंदिशीत ‘सजन’ होतं. मुखडा फिरून फिरून येणार आणि दर वेळी तो ‘स’ समेच्या तोंडावर पडणार. रेडवर बाजूच्या सुरुवातीला तो स्वच्छ ‘स’ होता. लेबल जवळ आलं तशी त्याला फुसफुस लागली आणि शेवटच्या आवर्तनांत तर जिभेखाली वाळू असल्यासारखा झाला. आतून आईने विचारलं, “पिन घासली का रे?” पिन नवी होती. काट्रिज कागदी मापपट्टीवर पुन्हा जुळवलं, छोट्या काट्यावर भार १.८ ग्रॅम आहे ना तेही पाहिलं. थोडा फरक पडला, पण फुसफुस राहिली. व्हीएम९५ई दोन ग्रॅमवर लावलं तेव्हा ती पूर्णपणे गेली असं नाही, पण तान ऐकायच्या ऐवजी त्या ‘स’ची वाट बघत बसायचं थांबलं. तुमचा टोनआर्म (काट्रिज धरणारी दांडी) वेगळा, रेकॉर्ड वेगळी, त्यामुळे तुमच्याकडे निकाल थोडा निराळा लागू शकतो. रेडवर समाधानी असलेली चोखंदळ माणसं माझ्या ओळखीची आहेत. ती बहुधा वाद्यसंगीत जास्त ऐकतात. सतार-सरोदच्या रेकॉर्डीत ‘स’ नसतो, तिथे रेडचं तेज उलट हवंहवंसं वाटतं.

माझा कौल व्हीएम९५कडे झुकण्याचं दुसरं कारण त्याच्या सुया. २०१८मध्ये आलेल्या या मालिकेत काट्रिजचं अंग एकच, सुई मात्र ओढून काढून दुसरी लावता येते: गोल, लंबगोल, शिबाटा, मायक्रोलिनिअर, ही टोकाच्या आकारांची नावं. जुळणी पुन्हा करायची गरज नाही. रेडलाही टू-एम ब्लूची सुई बसते आणि ब्लू खरंच वरच्या पायरीवर आहे. पण लेबलाजवळच्या तानांसाठी मला मायक्रोलिनिअर जास्त उपयोगी पडली. तिचं टोक खाचेच्या भिंतीला अरुंद पण उभ्या रेषेत टेकतं, म्हणून दाटीची वळणंही तिला घेता येतात. ती लावल्यावर त्याच रेकॉर्डवर ‘सजन’ शेवटपर्यंत ‘सजन’ राहिलं. किंमत ईच्या सुईपेक्षा बरीच जास्त, हे खरं. पण कंपनी लंबगोल सुईचं आयुष्य ३०० तास सांगते आणि मायक्रोलिनिअरचं १०००. रोज संध्याकाळी दोन बाजू ऐकणाऱ्याने हा हिशेब जरूर करावा. आधी ई घ्यावं, ती सुई झिजली की मायक्रोलिनिअर घ्यावी, असं मी विचारणाऱ्याला सांगतो. कोल्हापुरात काट्रिज ऐकून पारखून घ्यायची सोय मला तरी सापडलेली नाही. त्यामुळे एकदा घेतलेल्या अंगावरच पुढे जाता येणं ही इथल्या माणसाला मोठी सवलत वाटते.

नागाओका एमपी-११०चं नाव तुम्ही ऐकलं असेलच. मृदू, गळ्याला साजेसं काट्रिज आहे. बजेट थोडं सैल असेल आणि सुई बदलत बसायची हौस नसेल तर ते घेणाऱ्याला मी अडवणार नाही. मूव्हिंग कॉइलच्या (चुंबकाऐवजी तारेचं वेटोळं हलतं त्या प्रकारच्या) नादी मात्र या बजेटात लागू नये, त्याला प्रीअँपही महाग लागतो.

आता प्रीअँप, म्हणजे काट्रिजचा बारीक सिग्नल अँपला पुरेल इतका वाढवणारी डबी. इथे लोक गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) किती, आवाज ऊबदार की कोरडा यावर बोलतात. मी आधी कपॅसिटन्स (तारांत आणि प्रीअँपात वीज साठवायची सूक्ष्म क्षमता, पिकोफॅरडमध्ये मोजतात) विचारतो, कारण तो ‘स’ इथेही बिघडतो. व्हीएम९५ला एकूण १०० ते २०० पिकोफॅरड लोड हवा, रेडला १५० ते ३००. यात टोनआर्मची तार आणि आरसीए केबल धरायची असते, आणि त्या दोघीच बहुतेक वेळा शंभराच्या आसपास खातात. प्रीअँपने वर आणखी दोनशेची भर घातली तर व्हीएम९५चा वरच्या पट्टीतला आवाज उसळतो आणि काट्रिज बदलून मिळवलेलं निम्मं हातचं जातं. पुष्कळ जण इथेच काट्रिजला दोष देऊन मोकळे होतात.

म्हणून मी आर्ट कंपनीच्या डीजे प्री टू या साध्या डबीवर थांबलो. तिला १०० आणि २०० पिकोफॅरडचं बटण आहे. व्हीएम९५साठी शंभरावर ठेवायचं, रेड लावलं तर दोनशेवर. गेनचा खटका फिरवता येतो आणि लो-कट, म्हणजे अगदी खालचे आवाज कापणारं बटण, आहे. हा लो-कट आमच्या पेठेतल्या घरात फार कामाचा. लाकडी माडीवर कुणी चाललं किंवा उन्हात वाकलेली रेकॉर्ड लावली की वूफरचा पडदा आत-बाहेर डुलायला लागतो. कानाला काही ऐकू येत नाही, पण अँप दमतो आणि आवाज गढुळतो. बटण दाबलं की पडदा जागेवर. याने सुई उडायची मात्र थांबत नाही, त्यासाठी प्लेअर भिंतीतल्या फळीवरच ठेवावा.

बेरिंजरचा पीपी४०० याहून स्वस्त. पहिला प्रीअँप म्हणून तो वाईट नाही. त्याला लो-कट नाही, कपॅसिटन्स बदलता येत नाही, पण प्लेअरमध्ये आतच बसवलेल्या अगदी साध्या प्रीअँपपेक्षा मला तो बरा वाटला. रेगाचा फोनो मिनी ए-टू-डी दिसायला आणि ऐकायला दोन्ही नेटका, शिवाय यूएसबीने रेकॉर्डी संगणकात उतरवता येतात. घरातला जुना ठेवा डिजिटल करायचा मनसुबा असेल तर सरळ तोच घ्या, माझा आग्रह बाजूला ठेवा.

घों-घों आवाजाबद्दल एवढंच: टोनआर्मची बारीक अर्थची तार प्रीअँपच्या स्क्रूला घट्ट लावा आणि प्रीअँपचा अडॉप्टर प्लेअरपासून लांबच्या बोर्डात घाला. तरीही आवाज राहिला तर प्रीअँप बदलण्याआधी घराचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या पेठांत बरेच बोर्ड नावालाच तीन पिनचे असतात.

रेकॉर्डी धुऊन वाळवल्याशिवाय यातलं कशाचंही मोल कळणार नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात कव्हरला बुरशी धरते आणि ती खाचांत उतरते. मायक्रोलिनिअर सुई जशी तान उचलते तशी घाणही उचलते. गोल सुईवर जी रेकॉर्ड ‘चालते’ वाटते ती इथे कधी कधी कडकड करते. उलटही होतं. पूर्वीच्या जड पिनांनी खाचेची जी बाजू घासली, ती सोडून ही सुई दुसरीकडे टेकते आणि टाकाऊ समजलेली रेकॉर्ड पुन्हा गाऊ लागते.

ज्यांच्याकडे ७८च्या लाखेच्या तबकड्या आहेत त्यांच्यासाठी पारडं आणखी व्हीएम९५कडे झुकतं. त्याच अंगावर व्हीएम९५एसपीची सुई बसते. ती रुंद खाचेसाठी तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आहे आणि पाच ग्रॅम भारावर चालते, तेवढा भार तुमचा टोनआर्म देतो का ते आधी पाहा. एलपीची सुई त्या तबकड्यांवर लावू नका, ती खाचेच्या तळाशी भिरभिरते. आणि या तबकड्यांतल्या बहुतेक १९५४च्या आरआयएए मानकाच्या (रेकॉर्ड कापताना बास-ट्रेबल किती कमी-जास्त करायचा ते ठरवणाऱ्या) आधीच्या असल्याने प्रीअँपमधून त्या थोड्या बोजड वाजतात. अँपचा बास किंचित उतरवून ट्रेबल कानाला पटेल तिथे ठेवायचा. घरी ऐकायला माझं तरी तेवढ्यावर भागतं.