ओपनएसएसएच: लॉगिनसाठी नव्हे, स्क्रिप्ट चालवण्यासाठी कसं आहे?

सर्व्हर समोर नसतात, स्क्रिप्ट मात्र रोज रात्री त्यांच्यावर चालायला हव्यात: बॅकअप, जुन्या लॉगची साफसफाई, डिस्क किती भरली याची तपासणी. माझं हे सगळं काम ओपनएसएसएचच्या जिवावर चालतं, म्हणजे दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे लॉगिन करायच्या आणि कमांड चालवायच्या अवजाराच्या. लिनक्स आणि मॅकवर ते आधीपासून असतं, अलीकडच्या विंडोजमध्येही मिळतं, पैसे पडत नाहीत. म्हणूनच बहुधा त्याचं परीक्षण लिहायचं कुणाच्या मनात येत नाही. पण हाताखाली नवीन आलेली मुलं टर्मिनलची एरर दिसली की लगेच एसएसएचला बोल लावतात, तेव्हा मला राहवत नाही. माझं मत नेमकं उलटं आहे. या एरर ज्या एका निर्णयामुळे दिसतात, तो निर्णय मला या अवजाराचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

नुसतं होस्टचं, म्हणजे पलीकडच्या संगणकाचं, नाव देऊन एसएसएच केलं, तर पलीकडे तुमच्यासाठी एक आभासी टर्मिनल उघडलं जातं. नावापुढे कमांड दिली, तर ते उघडलं जात नाही. पलीकडचा प्रोग्रॅम मग साध्या पाइपला जोडलेला असतो. त्यामुळे आउटपुट आणि एरर वेगवेगळ्या वाटांनी परत येतात आणि प्रत्येक बाइट जसाच्या तसा पोचतो. टर्मिनल मागितलंत की या दोन्ही वाटा एकत्र मिसळतात आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा कॅरेज रिटर्न येऊन बसतो. त्या वाटेने टारची फाइल (अनेक फायलींचं एक गाठोडं) ओढून आणली, तर ती उघडणार नाही. स्क्रिप्टसाठी टर्मिनल न देणं हा आडमुठेपणा नाही, ती काळजी आहे.

एवढं ध्यानात आलं की अर्ध्याअधिक एरर आपोआप उलगडतात. ‘टर्म एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नॉट सेट’ असं आलं, तर स्क्रिप्टमध्ये कुठेतरी ‘क्लिअर’सारखी पडदा पुसणारी कमांड आहे. टर्मिनलच नसेल तर ती बिचारी पुसणार काय? तिथे एसएसएचला छोटा ‘-टी’ (टर्मिनल हवंय) लावून एरर गप्प करणं मला पटत नाही. ती ओळ काढा, किंवा आउटपुट खरंच टर्मिनलवर जातंय का हे तपासून मगच ती चालवा. ‘सुडो: अ टर्मिनल इज रिक्वायर्ड टू रीड द पासवर्ड’ ही एररसुद्धा त्याच कुळातली; सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकारात कमांड चालवणारा प्रोग्रॅम. हाताने एकदाच काही करायचं असेल, तर ‘-टी’ चालेल. रात्रीच्या कामाला पासवर्ड टाइप करणारं कुणी बसलेलं नसतं. त्या एका कमांडपुरती सुडोअर्स या सुडोच्या परवानग्यांच्या फाइलमध्ये पासवर्डविना परवानगी द्या आणि ‘सुडो -एन’ लिहा, म्हणजे परवानगी नसेल तर काम अडकून न राहता लगेच नकार मिळेल.

‘स्यूडो-टर्मिनल विल नॉट बी अलोकेटेड’ हा संदेश बघून लोक घाबरतात, पण ती नुसती सूचना आहे. स्क्रिप्ट तुम्ही स्टँडर्ड इनपुटमधून ढकलताय, कमांड दिलेली नाही, म्हणून ती येते. मोठा ‘-टी’ (टर्मिनल नको) द्या, किंवा पुढे ‘बॅश -एस’ (इनपुटातून स्क्रिप्ट वाचणारं शेल) लिहा, ती जाते. जबरदस्तीने टर्मिनल मिळवायला छोटा ‘-टी’ दोनदा देण्याची सोय आहे, पण ती वापरण्याआधी खरंच टर्मिनल हवंय का, हे स्वतःला विचारा.

टर्मिनलचं नाव पलीकडे ओळखलं जात नाही, हा प्रकार वेगळा. किटीसारखं नवं टर्मिनल वापरणाऱ्यांना जुन्या सर्व्हरवर ‘एरर ओपनिंग टर्मिनल’ दिसतं, कारण तिथल्या टर्मइन्फोत, म्हणजे टर्मिनलांच्या माहितीच्या साठ्यात, त्याची नोंदच नसते. २०२१ च्या ८.७ आवृत्तीपासून कॉन्फिग फाइलमध्ये ‘सेटएन्व्ह’ने टर्मचं, म्हणजे टर्मिनलचं नाव सांगणाऱ्या व्हेरिएबलचं, मूल्य त्या होस्टपुरतं बदलता येतं. फार उपयोगी भर.

आता जिथे माझं समाधान नाही, त्याबद्दल. पहिली आणि मोठी तक्रार कंट्रोल-सीची. पलीकडे टर्मिनल नसताना कंट्रोल-सी दाबलंत तर मरतो तो तुमच्याकडचा एसएसएच. पलीकडची स्क्रिप्ट तशीच चालू राहू शकते, निदान बंद झालेल्या पाइपमध्ये काही लिहायला जाईपर्यंत तरी. फायली हटवणारी स्क्रिप्ट थांबली असं समजून कुणी निर्धास्त झालं, तर काय होईल याचा विचार करा. संदेश एका शब्दाचाही येत नाही. मी पलीकडच्या प्रत्येक लांब कमांडपुढे ‘टाइमआउट’ (ठरलेला वेळ संपला की कमांड थांबवणारा प्रोग्रॅम) लावते आणि हा नियम सगळ्यांना पाळायला लावते.

दुसरी तक्रार अवतरणचिन्हांची. तुम्ही दिलेले सगळे शब्द एसएसएच मध्ये एकेक स्पेस घालून जोडतं आणि ती अखंड ओळ पलीकडच्या शेलच्या, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हवाली करतं. म्हणजे अवतरणचिन्हं एकदा इकडचं शेल सोलतं, एकदा तिकडचं. फाइलच्या नावात स्पेस असली की फजिती ठरलेली. यावर ‘बॅश -एस’ला स्क्रिप्ट इनपुटातून देणं हा बरा मार्ग, मात्र त्या स्क्रिप्टमधली एखादी कमांड स्वतःच इनपुट वाचायला लागली तर उरलेली स्क्रिप्ट गिळून टाकते. लूपमध्ये होस्टांची यादी वाचताना पहिल्याच होस्टनंतर लूप संपतो, त्याचं कारणही हेच: एसएसएच उरलेली यादी खाऊन बसलेलं असतं. तिथे एसएसएचला छोटा ‘-एन’ द्यायचा.

एक्झिट कोडबाबत, म्हणजे काम संपताना परत येणाऱ्या आकड्याबाबत, एसएसएच प्रामाणिक आहे. पलीकडच्या कमांडचा कोड जसाच्या तसा मिळतो: १२७ म्हणजे कमांड सापडली नाही, आणि बहुतेक वेळा त्यामागे लॉगिनविना मिळालेला तोकडा पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) असतो, १२६ म्हणजे फाइल आहे, पण चालवता येत नाही. एसएसएचचं स्वतःचं काही बिघडलं तर २५५. फक्त स्क्रिप्टनेच २५५ परत केला तर दोष कुणाचा ते कळत नाही, म्हणून आपल्या स्क्रिप्टमध्ये तो आकडा वापरू नये.

मनापासून कौतुक करायचं ते छोट्या ‘-व्ही’चं. मोठमोठी अवजारं आतलं काही दाखवत नाहीत, इथे एक अक्षर दिलं की ‘सेंडिंग कमांड’ या ओळीत पलीकडे नेमकं काय पाठवलं ते अक्षरशः दिसतं आणि शेवटी एक्झिट स्टेटसही. अवतरणचिन्हांचा घोळ या एका ओळीत पकडता येतो. टाटू युल्योनेन यांनी १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात पहिलं एसएसएच लिहिलं, ओपनबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींनी १९९९ मध्ये ओपनएसएसएच आणलं. इतकं जुनं अवजार अजून इतकं उघडपणे बोलतं, याचा मला आदर वाटतो. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कंट्रोल-सीपायी कापला.

वापरायचं ठरवलंत तर स्क्रिप्टसाठी कॉन्फिग फाइलमध्ये वेगळं टोपणनाव करा आणि हाताने लॉगिन करायचं नाव वेगळं ठेवा. स्क्रिप्टच्या नावाखाली ‘बॅचमोड यस’ लिहा, म्हणजे पासवर्ड विचारत बसणार नाही. ‘रिक्वेस्टटीटीवाय नो’, ‘कनेक्टटाइमआउट १०’ आणि ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल १५’ या ओळीही हव्यात. शेवटच्या ओळीचं मूळ मूल्य शून्य असतं, म्हणजे जोडणी जिवंत आहे का याची तपासणी बंद. १५ ठेवलं की पलीकडून उत्तर येणं थांबल्यावर साधारण ४५ सेकंदांत जोडणी सोडली जाते, कारण तीनदा उत्तर न मिळणं ही ठरलेली मर्यादा आहे. फाइल बदलल्यावर मोठा ‘-जी’ आणि टोपणनाव देऊन बघा. जोडणी न करता सगळी अंतिम मूल्यं समोर छापून येतात आणि वरच्या एखाद्या ब्लॉकने तुमची ओळ निकामी केली असेल तर ते तिथेच दिसतं.