रिंग मॉड्युलेटरची डबी: मंडईपासून होळीपर्यंत वापरून

आमचं बिछायत केंद्र आहे, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशापासून जवळच. मंडप, गाद्या, लायटिंग, साउंड, सगळं घरचं. दिवाळी झाली की मंडया (भाजीच्या नाही, गावोगावच्या जत्रा) सुरू होतात आणि तिथून थेट होळीपर्यंत झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, नाटकांच्या रात्री. त्या दिवसांत मी घरी फक्त आंघोळीला येतो, असं आमची आई म्हणते. यंदा साउंडच्या टेबलावर एक नवी वस्तू होती, रिंग मॉड्युलेटर, आवाज बदलणारी डबी. नागपूरच्या एका गिटारवाल्या पोराकडून जुना घेतला, साडेचार हजारात. लोखंडी डबी, चार नॉब, पायाने दाबायचा स्विच. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे शिव्या आहेत.

घ्यायला कारण झालं एक भूत. यंदाच्या एका नाटकात मेलेला सावकार तिसऱ्या अंकात परत येतो. भूत म्हटलं की आमच्याकडे इको. तीस वर्षं झाली, प्रत्येक भूत त्याच विहिरीतून बोलतं. प्रेक्षकांनाही ते इतकं पाठ झालंय की इको चालू झाला की पोरं आधीच ‘आला बे, आला’ म्हणून ओरडतात. मला असा आवाज पाहिजे होता जो ऐकून कळेल की बोलणारा माणूसच आहे, पण त्यातलं काहीतरी निघून गेलंय.

आणि नेमकं तेच ही डबी करते. आत येणारा आवाज आणि डबीने स्वतः तयार केलेला एक सूर, म्हणजे कॅरिअर (सायकलचं नाही), यांचा ती गुणाकार करते. मिक्सरवर दोन आवाज एकत्र केले तर दोन्ही ऐकू येतात. इथे दोन्ही गायब होतात आणि बाहेर पडते त्यांची बेरीज आणि वजाबाकी. समजा सावकाराचं काम करणाऱ्या काकांचा आवाज १४० हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला १४० कंपनं. माणसाच्या आवाजात नुसता १४० नसतो, त्याचा सगळा पाढा असतो: १४०, २८०, ४२०. पाढा आहे म्हणूनच कानाला तो एकच सूर वाटतो. कॅरिअर ३० वर ठेवला की १४० चे होतात ११० आणि १७०, २८० चे २५० आणि ३१०, ४२० चे ३९० आणि ४५०. आता १४० चा पाढा मोडला. शब्द त्याच तोंडातून आलेत हे कळतं, पण सूर कुठे आहे ते कानाला सापडत नाही.

हे यंत्र भुतांसाठी बनलंच नव्हतं. एका तारेवरून अनेक टेलिफोन कॉल पाठवायचे, तर प्रत्येक आवाज वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर (कंपनांच्या आकड्यावर) उचलून ठेवावा लागतो, त्या कामाची ही जोडणी. फ्रँक कोवान यांचं त्यावरचं अमेरिकन पेटंट १९३५ चं आहे. चार डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) गोलाकार, एकमेकांची शेपटी धरल्यासारखे जोडलेले, म्हणून ‘रिंग’. पुढे संगीतवाल्यांनी ते पळवलं. जर्मन संगीतकार स्टॉकहाउझेन यांच्या १९७० च्या ‘मंत्र’ या रचनेत दोन पियानो रिंग मॉड्युलेटरमधून जातात. आणि १९६३ पासून बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या टीव्ही मालिकेत डालेक नावाचे जे डबेवजा प्राणी चिरक्या आवाजात बोलतात, तो बीबीसीच्या साउंडवाल्या ब्रायन हॉजसन यांचा उद्योग, तोही याच यंत्रावर.

मला हे सगळं नंतर कळलं. पहिल्या प्रयोगाला मी शहाणपणा करून कॅरिअर ४५० वर ठेवला होता, कारण घरी हेडफोनवर तो फार भारी वाटला होता. सावकार उठला, बोलायला लागला, आणि मैदानात एकही शब्द कोणाला कळला नाही. मागून आवाज आला, ‘काय बोलून राह्यला बे तो, रेडिओ लावला का?’ अख्खा मांडव हसला. काकांनी विंगेत येऊन माझ्याकडे असं पाहिलं की मी अंक संपेपर्यंत मान वर केली नाही. ‘बाबू, माह्या तोंडात मेला सावकार दे, मेलेला ट्रान्झिस्टर नोको देऊ,’ एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिकाम्या मांडवात दोघं बसलो. ३० च्या आसपास उतरलो तेव्हा शब्द परत आले. मिक्सचा नॉब (खऱ्या आवाजात डबीचा आवाज किती मिसळायचा तो) पूर्ण उजवीकडे कधीच न्यायचा नाही, अर्ध्याच्या थोडा अलीकडे ठेवायचा, म्हणजे खालून खरा आवाज आधार देतो. २० च्या खाली गेलं की सूर मोडत नाही, नुसता थरथरतो. मग ते भूत राहत नाही, थंडी वाजलेला सावकार होतो. आणि नॉबपेक्षा जास्त काम काकांनी केलं. भरभर, चढउतार करत बोललं की सगळा चिखल होतो. एका सुरावर, शब्दाशब्दात जागा सोडून, ‘आ’ आणि ‘ओ’ लांबवून बोललं की अंगावर काटा येतो. स, श तसेही हवेचेच आवाज, ते फारसे बिघडत नाहीत, म्हणून ‘शेत’, ‘सातबारा’ हे शब्द मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ जायचे. सातबारा भुताच्या तोंडून ऐकल्यावर मांडव कसा शांत होतो ते सांगून कळणार नाही.

एक गोष्ट मात्र हेडफोनवर कधीच कळली नसती. भोंगे. अजून बऱ्याच गावांत मंडळाचा हट्ट असतो की गावाच्या टोकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे, चार भोंगे बांधाच. भोंगा ३०० च्या खालचं जवळपास काही काढत नाही. म्हणजे वजाबाकीतून आलेला जो जाड, खालचा भाग, ज्यासाठी पैसे मोजले, तो तिथे पोचायच्या आतच मेला. १५ इंचीवाल्या टॉपवर (स्पीकरच्या मोठ्या पेटीवर) भूत, भोंग्यावर माशी. शेवटी भुताच्या प्रवेशापुरते भोंगे बंद करायला लागलो. एका गावच्या अध्यक्षांनी त्यावरून वाद घातला, पण तो वेगळा विषय.

आता जनरेटर. हा भाग लिहिण्यासाठीच खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. लाइनवर असताना ५० ची गुणगुण थोडीफार असतेच, आपण तिकडे दुर्लक्ष करतो. रिंग मॉड्युलेटर करत नाही. आत जे जाईल त्याचा गुणाकार, त्याला काका आणि गुणगुण यांत फरक कळत नाही. माघातल्या एका रात्री लाइट गेली, जनरेटर सुरू झाला. सावकाराचा प्रवेश तोंडावर. त्या रात्री मी जरा कर्कश आवाजासाठी कॅरिअर ५२ च्या जवळ ठेवला होता. स्विच दाबला आणि काका बोलायच्या आधीच टॉपमधून ढप्... ढप्... ढप्, सेकंदाला दोनदा. कोणीतरी जमिनीखाली उखळात कांडत असल्यासारखं. ५० ची गुणगुण मिक्समधून सरळ येत होती, ५२ चा कॅरिअर डबीतून गळत होता, दोघांची टक्कर सेकंदाला दोन वेळा. तेवढ्यात स्टेजवर हॅलोजन लागले, जनरेटर दबला, फ्रिक्वेन्सी ४८ च्या आसपास उतरली असणार, आणि तो ढपढपाट दुप्पट वेगाने धावायला लागला. छातीत धडधड वाढावी तसा. प्रेक्षक समजले की हे मुद्दामच. दिग्दर्शक प्रयोगानंतर पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘भाऊ, हे रोज पाह्यजे.’ रोज कुठून देणार? जनरेटरवाल्याला विचारलं तर तो म्हणे, इंजिन दाबायचे पैसे वेगळे लागतील.

त्यावरचा उपाय साधा आहे आणि ज्यांना हा गोंधळ नको त्यांनी पहिल्या दिवसापासून करावा. डबी अडॅप्टरवर चालवू नका, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावा. मिक्सर आणि डबीच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (दोन्हींचं विजेचं थेट नातं तोडणारी छोटी पेटी) टाका. लायटिंगची लाइन साउंडपासून वेगळी ओढा. एवढं केल्यावर गुणगुण मला तरी त्रास देण्याइतकी राहिली नाही.

तक्रारी आता. कॅरिअर गळतो, हे वर आलंच. ३० वर असताना तो कोणाला ऐकू येत नाही, पण ४०० वर ठेवला तर दोन वाक्यांच्या मधल्या शांततेत बारीक शिट्टी वाजत राहते. दुसरं, माझी डबी खरोखर डायोडची आहे आणि डायोडला उघडायला थोडं व्होल्टेज लागतं. काका कुजबुजले की आवाज तुकड्या-तुकड्यांनी यायचा, शब्दांच्या शेपट्या कापलेल्या. आधी गेन, म्हणजे आत जाणाऱ्या आवाजाचा जोर, वाढवूनच सोडावा लागतो. तिसरं, थंडी. संध्याकाळी जुळवलेला सूर पहाटे तीनला दव पडल्यावर जागेवर नसतो. भुताला चालतं, संगीताला चालत नाही. चौथं म्हणजे नॉबची खरखर. ती काढायला शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे दिली, त्याने ऐन हंगामात तीन आठवडे ठेवून जशीच्या तशी परत दिली आणि वर दोनशे रुपये ‘चेकिंग’चे घेतले. त्या तीन आठवड्यांत सावकार पुन्हा विहिरीत गेला.

मधल्या काळात लॅपटॉपवर फुकटचा प्लगइन, म्हणजे हेच काम करणारं सॉफ्टवेअर, वापरून पाहिला. सूर हलत नाही, गळती नाही, स्वच्छ. फार वरच्या आवाजावर मात्र बेरीज डिजिटलच्या मर्यादेपलीकडे जाते आणि वाकून खाली परत येते, झांजेवर कचकच ऐकू येते. ओव्हरसॅम्पलिंगची (ती मर्यादा वर ढकलणारी) सोय असेल तर चालू करा. पण पहाटे दोनला, दव पडलेल्या टेबलावर, माउसने नॉब फिरवायचा माझ्यात संयम नाही.

घरी रेकॉर्डिंगवर जे मिळालं ते मला भुतापेक्षा जास्त आवडलं. धातूच्या वस्तूंचा पाढा मुळात मोडलेलाच असतो, म्हणून ही डबी साध्या आवाजालाही धातूची करते आणि धातूला अजून मोठं करते. आजीची पितळी गुंडी (पाण्याचं भांडं) काठावर टिचकी मारून रेकॉर्ड केली, कॅरिअर १३० च्या जवळ, आणि बाहेर आली देवळातली मोठी घंटा, थोडी तडकलेली. बैलांची घागरमाळ घातली तर शंकरपटाच्या दानीवर (बैल पळवायच्या वाटेवर) काच सांडल्यासारखं झालं. राइस मिलच्या पट्ट्याचा आवाज घातला, त्याचं काहीच झालं नाही. खरखर आत, खरखर बाहेर.

पेटीवर प्रयोग करणाऱ्यांसाठी एवढं. काळी एक म्हणजे साधारण २७७. कॅरिअर त्याच्या दुप्पट, ५५४ वर आणा आणि सा दाबा: वजाबाकी २७७, बेरीज ८३१, म्हणजे सा आणि तार सप्तकातला पंचम. सुंदर, तंबोऱ्यासारखं भरलेलं. मग बोट रिषभावर सरकवा, ३११: आता २४३ आणि ८६५, बोट वर गेलं आणि खालचा सूर अजून खाली आला. आमचा ऑर्गनवाला हे ऐकून उठूनच गेला. मी मात्र दुसऱ्या नाटकात, बाईच्या अंगात येतं त्या प्रवेशात, हीच उलटी चाल वापरली. तिचा आवाज २५० च्या आसपास, कॅरिअर तिच्या किंचाळीच्याही वर, मिक्स अगदी थोडा. ती किंचाळत वर जाते तेव्हा तिच्याखाली काहीतरी खोल उतरत जातं.

विकत घ्यावी का? तुमच्याकडे सावकाश बोलणारा नट आणि १५ इंची टॉप असतील तर घ्या. नुसता रोबोचा आवाज पाहिजे असेल तर प्लगइन पुरतो. शिमग्याला डबी उघडली, आतून धानाचा कोंडा आणि एक मेलेली माशी निघाली. नॉबखालचा पॉट (नॉबने फिरणारा भाग) नागपूरहून मागवलाय, या वेळी मीच सोल्डरचा टाका मारणार. काकांनी पुढच्या मंडईची सुपारी आत्ताच घेतलीय आणि नाटकात आता सावकाराचा बापही मेलेला आहे.