इंडिपेंडन्स रॉक की रजिस्टर क्लिफ?

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात ऑरेगन ट्रेलच्या (एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे स्थलांतर करणाऱ्यांची गाडीवाट) प्रवाशांनी कोरलेली नावं पाहायची आहेत, पण वेळ एकाच ठिकाणापुरता आहे?

रजिस्टर क्लिफ गर्न्सी गावाजवळ, आय-25 हा महामार्ग सोडून पूर्वेला साधारण 25 किमी. इंडिपेंडन्स रॉक कॅस्परच्या नैर्ऋत्येला सुमारे 90 किमी, पण हायवे 220 ला लागूनच.

क्लिफचा वालुकाश्म मऊ. अक्षरं पायथ्याशीच दिसतात, पण झिजताहेत. त्यात नंतरच्या लोकांनी आपली नावं खरडली आहेत, ते बघून जीव हळहळतो. रॉक ग्रॅनाइटचा. बरीच नावं माथ्यावर, म्हणजे चढणं आलंच. पकड असलेले बूट हवेत. वारा जबर, सावली नाही.

सोबत वयस्कर मंडळी असतील तर क्लिफ. जवळच खडकात दीड मीटरपर्यंत खोल गेलेल्या, त्या प्रवाशांच्या गाड्यांच्या चाकोऱ्या अजिबात चुकवू नका. चढायची तयारी असेल तर रॉकच.