माजघर की समुद्र? कॅमेऱ्यातील एचडीआरच्या दोन तऱ्हा

कोकणातल्या जुन्या घरात माजघरात झरोक्यापुरताच उजेड असतो, पडवीत अर्धी सावली असते आणि पलीकडे सारवलेल्या अंगणात दुपारचे ऊन तापत असते. हे तिन्ही एकाच छायाचित्रात घ्यायचे म्हटले की एक तर माजघर काळेठिक्कर पडते, नाही तर अंगण पांढरेफटक होते. गुहागर, दापोली किंवा मालवणकडे पाहुण्यांसाठी घरगुती निवास चालवणाऱ्यांना नेमके हेच छायाचित्र हवे असते आणि कॅमेरा घेताना ‘यात एचडीआर आहे’ हे वाक्य त्यांच्या कानावर हमखास पडते. एचडीआर म्हणजे ‘हाय डायनॅमिक रेंज’, अर्थात फार उजळ आणि फार गडद भाग एकाच छायाचित्रात तपशिलासह टिपण्याची सोय. त्या एका शब्दाखाली दोन निराळ्या प्रक्रिया खपवल्या जातात, म्हणून निवड करण्यापूर्वी त्या वेगळ्या करून पाहिलेल्या बऱ्या.

पहिल्या तऱ्हेत कॅमेरा कमी-जास्त एक्स्पोजरच्या, म्हणजे कमी-जास्त प्रकाश घेतलेल्या, अनेक फ्रेम लागोपाठ घेतो आणि उजळ भाग एकीतून, अंधारा भाग दुसरीतून उचलून आतल्या आत एकच जेपेग (तयार छायाचित्राची फाइल) तयार करतो. पेंटॅक्सच्या के-7 मध्ये ही सोय 2009 साली आली. कॅननचे कॅमेरे साधारणतः तीन फ्रेम जोडतात, तर निकॉनच्या अनेक डीएसएलआरमध्ये दोनच जोडल्या जातात. फ्रेममध्ये काही हलत नसेल, तर सावलीतला तपशील नॉइज (दाणेदारपणा) फारसा न वाढता मिळतो, हा या तऱ्हेचा खरा लाभ. मात्र दोन फ्रेमच्या मधल्या क्षणात माडाची झावळी हलली की तिच्या दोन-तीन पुसट आकृती उमटतात. हातात धरून काढल्यास फ्रेम एकमेकींवर बसवताना कडा थोड्या कापल्या जातात, आणि जोडकाम पूर्ण होईपर्यंत कॅमेरा काही क्षण अडून राहतो.

दुसऱ्या तऱ्हेत फ्रेम एकच असते. निकॉनचे ‘ॲक्टिव्ह डी-लायटिंग’, सोनीचे ‘डीआरओ’, कॅननचे ‘हायलाइट टोन प्रायॉरिटी’ आणि फुजीफिल्मचे ‘डीआर 200’ व ‘डीआर 400’ ही याच कुळातली, जरी प्रत्येकाची रीत थोडी वेगळी असली तरी. यातील फुजीफिल्मची रीत समजायला सर्वांत सोपी आहे: ‘डीआर 400’ मध्ये सेन्सरवरची नोंद दोन स्टॉप कमी, म्हणजे एक-चतुर्थांश प्रकाशाची केली जाते, त्यामुळे ढगांतला तपशील वाचतो आणि मग मधले व गडद भाग प्रक्रियेत वर उचलले जातात. ज्या कॅमेऱ्याचा मूळ आयएसओ (प्रकाशाला दिलेल्या प्रतिसादाची पातळी) 200 आहे, तिथे यासाठी किमान 800 आयएसओ लागतो, तो याच कारणाने. याची किंमत सावलीत चुकवावी लागते, कारण उचललेल्या अंधाराबरोबर नॉइजही वर येतो. मात्र क्षण एकच टिपलेला असल्याने दुहेरी आकृती उमटण्याचा प्रश्नच उरत नाही.

यामुळे निवडीचा निकष उजेडातला फरक किती, यापेक्षा समोरचे किती हलते आहे हा ठरतो. राजपुरीहून जंजिऱ्याकडे निघालेल्या शिडाच्या होडीत छायाचित्रकारही हलत असतो आणि किल्लाही फ्रेममध्ये जागा बदलत असतो. वेळणेश्वरला सूर्य मावळताना लाटा कुणासाठी थांबत नाहीत. अशा ठिकाणी अनेक फ्रेमचा एचडीआर मी बंदच ठेवावा असे म्हणेन. माजघरात मात्र ट्रायपॉड लावून, पंखा बंद करून आणि घरातल्या माणसांना दोन क्षण बाजूला व्हायला सांगून तीच सोय वापरावी. तिथे एका फ्रेमची तऱ्हा अपुरी पडते. कॅननमध्ये ‘आर्ट’ नावाच्या शैली दिसल्या तर त्यांच्या वाटेला न जाता ‘नॅचरल’ निवडावी, नाही तर जांभ्याची भिंत शेंदूर फासल्यासारखी दिसते आणि प्रत्यक्ष आलेला पाहुणा खट्टू होतो.

संगणकावर बसण्याची तयारी असल्यास रॉ, म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद, हा तिसरा मार्ग खुला असतो. सध्याच्या चांगल्या फुल-फ्रेम सेन्सरची पल्लेदारी (सर्वांत गडद ते सर्वांत उजळ असा टिपता येणारा पल्ला) मूळ आयएसओला सुमारे 14 स्टॉप असते, त्यामुळे अंगण जळू न देता घेतलेल्या एकाच रॉ फाइलमधून पडवी बऱ्यापैकी बाहेर काढता येते. इथे एक बारकावा लक्षात ठेवावा: ‘ॲक्टिव्ह डी-लायटिंग’ चालू असताना कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर मुळातच एक्स्पोजर कमी करू शकतो आणि तो कमीपणा रॉमध्येही उतरतो, सावल्या उजळण्याचे काम तेवढे फक्त जेपेगवर होते. रॉवर काम करणाऱ्यांनी म्हणून ते बंद ठेवावे.

महिन्यातून दोन-चार छायाचित्रे टाकणाऱ्या निवासचालकाला एवढा खटाटोप बहुधा परवडणार नाही. त्याने एका फ्रेमची सोय मध्यम पातळीवर कायम चालू ठेवावी, आणि दुकानात विचारावे ते इतकेच की एचडीआर चालू असताना मूळ फ्रेमही कार्डावर राहतात का. काही मॉडेल केवळ जोडलेले जेपेग ठेवतात, आणि जोड बिघडली तर हातात काहीच राहत नाही.