छुपा कॅमेरा शोधायचं यंत्र: पाचपैकी तीन, तेही भिंगासाठी

तारकर्लीत आमच्या खोल्या आहेत. हल्ली पाहुणे बॅग टेकवायच्या आधी विचारतात, "ताई, खोलीत छुपा कॅमेरा नाही ना?" म्हणून हे अठराशेचं यंत्र ऑनलाइन मागवलं. रेडिओलहरी पकडल्या की ते पीं-पीं करतं, शिवाय लेन्स शोधायला त्यात लाल दिवे आणि लाल काचेचं भिंग आहे. कंपनीचं नाव डब्यावर धड वाचता येत नाही, पण 'हेरांच्या दर्जाचं' हे मात्र ठळक छापलंय.

हेरांचंच म्हणाल तर, 1945 साली मॉस्कोत सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकी राजदूताला लाकडात कोरलेली राजमुद्रा भेट दिली. आत ना बॅटरी, ना विजेची तार. नुसता पातळ पडदा आणि अँटेना. बाहेरून रेडिओलहरी सोडल्या की खोलीतलं बोलणं त्यांच्यावर चढून परत जायचं, एरवी ठार मुकी. 1952 पर्यंत ती राजदूताच्या घरातच होती. लहरी बंद असताना ती समोर धरली असती तर आमच्या या दर्जेदार यंत्राने चूं केलं नसतं.

करतं ते भलत्याच वेळी. बटण पूर्ण फिरवलं की वायफायचा डबा, माझा मोबाइल, शेजारच्यांचा मोबाइल, सगळ्यांवर पीं-पीं. संध्याकाळी लाइट गेली, वाडीतले वायफाय बंद पडले, तेव्हा कुठे गप्प झालं. खोल्या तपासायच्या तर तेव्हाच. त्यातही भाच्याने मेमरी कार्डावर रेकॉर्ड करणारा कॅमेरा फळीवर डब्यांमागे ठेवला, तर अगदी टेकवलं तरी आवाज नाही. लहरीच सुटत नाहीत तर पकडणार काय?

भिंग मात्र कामाचं. अंधार करून लाल दिवे लावायचे आणि लाल काचेतून बघायचं. डब्यांच्या फटीत कॅमेऱ्याची लेन्स लखकन ठिपक्यासारखी चमकली. देवाच्या तसबिरीची काचही चमकते, पण जरा सरकून बघितलं की फरक कळतो. आता यंत्र पाहुण्यांच्याच हातात देते.

याचंच महागडं मॉडेल अ‍ॅपवर चालतं. अ‍ॅप आधी माइक आणि लोकेशनची परवानगी मागतं. कशाला रे बाबा? स्वित्झर्लंडच्या क्रिप्टो एजी कंपनीची सांकेतिक संदेशांची यंत्रं भारतासकट कितीतरी देशांनी विश्वासाने घेतली. 1970 पासून ती कंपनी गुपचूप सीआयए आणि पश्चिम जर्मनीच्या हेरखात्याच्या मालकीची होती, हे 2020 मध्ये जगजाहीर झालं. तेव्हा बिनअ‍ॅपचंच बरं.

खाऱ्या हवेने बॅटरीची स्प्रिंग पावसाळ्यातच गंजली. गंज वॉरंटीत बसत नाही म्हणे! नुसतं भिंगवालं यंत्र वेगळं मिळतं, बरंच स्वस्त. तेच घ्या.